वॉर्डची इनचार्ज आणि मोशेचा सासरा

विचारणारी मुलगी धंतोलीतल्या एका खासगी रुग्णालयात मेडिसिन वॉर्डची नवी इनचार्ज आहे. दोन सीनियर सिस्टर तिचं ऐकत नाहीत. रोस्टरवरून रोजची कुरबुर, घरी पोचल्यावरही फोन, आणि रविवारी चर्चमध्ये तरुण संघाची सेक्रेटरी म्हणून आणखी कामं. तिचा प्रश्न असा: प्रवचनात बायबलातल्या मोशे (इस्राएल लोकांना मिसरातून बाहेर काढणारा) आणि नहेम्या (यरुशलेमेची पडलेली भिंत बांधून घेणारा) यांच्या नेतृत्वाबद्दल ऐकते, पण सोमवारी सकाळी वॉर्डात त्याचं करायचं काय? विश्वास ठेवून गप्प राहायचं, बोलायचं, की नोकरीच सोडायची?

मी नागपुरातच नर्सिंगमध्ये उमर काढली, शेवटी मेट्रन होते, आणि मंडळीत बायबल स्टडी घेते. म्हणून दोन्ही बाजूंनी बोलते.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मला खटकलं. "सगळं माझ्याच अंगावर येऊन राहिलं, पण प्रभूने जबाबदारी दिली म्हणून निभावून नेते." पहिला अर्धा भाग खरा असेल. दुसऱ्या अर्ध्याला पवित्र शास्त्रात आधार सापडत नाही. उलट एकट्याने निभावून नेणाऱ्यांना तिथे चांगलंच सुनावलेलं आहे.

बायबलातल्या निर्गम या पुस्तकाचा १८ वा अध्याय काढ. अमालेकी टोळीशी लढाई नुकतीच आटोपली आहे आणि मोशेचा सासरा इथ्रो लेकीला आणि दोन नातवांना घेऊन छावणीत आला आहे. दुसऱ्या दिवशी बघतो तर जावईबापू सकाळपासून संध्याकाळपर्यंत न्यायनिवाड्याला बसलेले आणि समोरची रांग हटत नाही. हे काय चाललंय, असं विचारल्यावर मोशेचं उत्तर तुझ्यासारखंच आहे: लोक देवाची इच्छा विचारायला माझ्याकडे येतात. कारण अगदी आध्यात्मिक. इथ्रो त्यावर शाबासकी देत नाही. तू करतोस ते बरं नाही, असं तोंडावर सांगतो. तू थकून जाशील आणि हे लोकही थकून जातील.

लोक थकतील, ही बाजू आपण प्रवचनात नेहमी विसरतो. दमलेल्या मोशेची सगळ्यांना दया येते, रांगेत उन्हात उभ्या असलेल्यांची कोणाला येत नाही. आता तुझा वॉर्ड बघ. डिस्चार्जचा पेशंट सकाळी अकरापासून पिशवी भरून पलंगावर बसला आहे. त्याचा मुलगा काटोलहून गाडी करून आला आहे आणि ड्रायव्हर खालून फोन करतो आहे. फाइल तुझ्या एका सहीसाठी अडली आहे. आणि तू? सात नंबरला सलाइन लावते आहेस, कारण नवीन मुलीला शीर सापडली नाही आणि शिकवत बसण्यापेक्षा आपणच लावलेलं बरं, असं तुला वाटलं. पेशंट थकला, मुलगा थकला, तू थकलीस आणि त्या मुलीला शीर सापडायची राहूनच गेली.

इथ्रोचा उपाय फार व्यावहारिक आहे. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर माणसं नेम. लहान प्रकरणं त्यांनी निकालात काढावी, मोठी तुझ्याकडे आणावी. माणसं कशी हवीत तेही त्याने सांगितलं आहे: कर्तबगार, देवाचं भय बाळगणारी, विश्वासू, आणि लाचेचा तिटकारा असलेली. हुशारी हा चारातला एकच निकष. तुझ्या वॉर्डात इंजेक्शन सगळ्यात सफाईने देणारी आणि क्रॅश कार्ट (तातडीच्या औषधांची ट्रॉली) तपासल्याशिवाय रजिस्टरवर टिक न करणारी, या दोघी एकच असतील असं नाही. जबाबदारी दुसरीला दे. आणि सगळ्यांना सारखी देऊ नकोस. एखादी दहांची असते, तिच्यावर शंभर टाकले तर ती मोडते आणि तू म्हणतेस, "बघा, शेवटी मलाच करावं लागलं."

करायचं असं. एक आठवडा तुझ्याकडे येणारं प्रत्येक काम वहीत टिपून ठेव. औषधांचा इंडेंट (मागणीपत्र), डाएटची यादी, चादरींची मोजणी, नार्कोटिकच्या कपाटाची चावी, नातेवाइकांच्या तक्रारी, राउंडच्या वेळी डॉक्टरांसोबत फिरणं, सगळं. आठवड्याने वही उघडून बघ, यातलं खरोखर तुझ्याचवाचून अडणारं किती आहे. नार्कोटिकची चावी कोणाकडे असावी याचे रुग्णालयाचे नियम आहेत, तिथे हात लावू नकोस. चादरी आणि डाएट तुझ्याकडे काहून आहेत, हे मात्र तुलाही सांगता येणार नाही.

वाटून देताना सगळे एका ठिकाणी चुकतात. "काही वाटलं तर विचारा," असं सांगतात. मग पोरी एकतर रात्री दोनला डासांच्या जाळीसाठी फोन करतात, नाहीतर बीपी उतरत चाललं तरी सकाळपर्यंत थांबतात. मोठं प्रकरण म्हणजे काय, हे तू ठरवून लिहून लाव. पेशंटची तब्येत अचानक ढासळली, कोणी पडलं, चुकीचं औषध गेलं, नातेवाईक अंगावर धावून आले. आधी ड्यूटी डॉक्टर, लगेच तुला फोन, घड्याळ बघायचं नाही. बाकीचं सकाळच्या हँडओव्हरला. डेंग्यूच्या दिवसांत वॉर्ड भरून वाहतो आणि पॅसेजमध्येही खाटा लागतात, तेव्हा हा कागदच तुला झोप देईल.

आणखी एक. इथ्रो इस्राएली नव्हता, मिद्यानी याजक होता. ज्याच्याशी देव समोरासमोर बोलतो त्या मोशेने बाहेरच्या माणसाचा सल्ला ऐकला आणि तसंच केलं. तुझ्या वॉर्डातली सगळ्यात जुनी आयामावशी कोणत्या धर्माची आहे हे बघत बसू नकोस. कोणती सिस्टर कोणासोबत नाइटला जमत नाही आणि कोणाच्या घरी आजारपण आहे, हे तिला तुझ्याआधी ठाऊक असतं. आणि वॉर्डात वचनं ऐकवत फिरू नकोस. ज्यांनी त्या पुस्तकावर विश्वास ठेवलेला नाही त्यांना त्यातला दाखला देऊन काम सांगणं म्हणजे देवाच्या नावाने दमदाटीच.

इथे योहानाचा १३ वा अध्याय तुझ्या मनात येणार, हे मला माहीत आहे. प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुतले, मग मी चादरी मोजल्या तर काय बिघडलं? बिघडत काहीच नाही. आया रजेवर असेल त्या दिवशी बेडपॅनसुद्धा उचलावं, आणि ते सगळ्यांनी बघितलं तरी चालेल. पण पाय धुऊन झाल्यावर प्रभू काय म्हणाला? तुम्हीही एकमेकांचे पाय धुतले पाहिजेत. सगळ्यांचे पाय कायमचे मीच धुवीन, असं तो म्हणाला नाही. सेवेच्या नावाखाली इतरांना काम शिकू न देणं हा एक गोड अहंकार आहे, आणि चर्चच्या माणसांत तो जरा जास्तच आढळतो.

आता रोस्टर. वॉर्डातली निम्मी भांडणं तिथेच जन्मतात, आणि नागपुरात तर विचारूच नको. पोळ्याला गावी जायचं असतं, महालक्ष्म्यांना तीन दिवस लागतात, दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाणाऱ्या मुलींना तोच दिवस हवा, ईद आहे, केरळच्या मुलींचा ओणम आहे आणि आपला नाताळ. पत्रात तू ओझरतं लिहिलं आहेस की इनचार्ज झाल्यापासून तुझी साप्ताहिक सुट्टी रविवारीच असते, उपासनेसाठी. हे तुला साधं वाटतं. बाकीच्यांना कसं दिसत असेल?

यासाठी नहेम्याचा ५ वा अध्याय वाच. भिंत बांधण्याची गोष्ट सगळ्यांना पाठ असते, मधला हा अध्याय कोणी उघडत नाही. काम जोरात चालू असताना गरीब लोक ओरडत येतात: दुष्काळात आम्ही शेतं, द्राक्षमळे, घरं गहाण टाकली, मुलं गुलामीत द्यावी लागली, आणि सावकार कोण, तर आपलेच भाऊबंद. नहेम्या भडकतो, पण लगेच तोंड उघडत नाही. आधी मनाशी विचार करतो, मग सरदार-अधिकाऱ्यांना सुनावतो, मोठी सभा भरवून गहाण सोडवायला लावतो. आणि शेवटी स्वतःचा हिशेब मांडतो. १२ वर्षं सुभेदार होतो, पण सुभेदाराचा भत्ता मी आणि माझ्या भावांनी खाल्ला नाही. आधीचे सुभेदार लोकांकडून अन्न, द्राक्षारस आणि वर ४० शेकेल चांदी घेत. हा मात्र रोज दीडशे लोकांना आपल्या पंगतीला बसवूनही हक्काचं घेत नाही, कारण लोकांवर आधीच भार होता. भत्ता त्याचा हक्काचाच होता, घेतला असता तर कोणी चोर म्हटलं नसतं.

रविवारची सुट्टी हा तुझा भत्ता आहे. सोड असं मी म्हणत नाही, उपासना मोलाची आहे. पण महिन्यातले दोन रविवार दुसऱ्यांना दे आणि त्या आठवड्यात ड्यूटी संपल्यावर संध्याकाळच्या प्रार्थनेला जा. नाताळची सुट्टी घेणार असशील तर दसरा आणि दिवाळीला स्वतःचं नाव ड्यूटीवर आधी लिही, मग बाकीचे रकाने भर. हे कोणाला सांगायचं नाही. भिंतीवर लावलेला कागद सगळे वाचतातच, आणि सगळ्यात आधी इनचार्जचं नाव शोधतात.

रोस्टरवर सगळ्यात मोठ्याने ओरडणारी कोण आहे? पुढच्या महिन्याचा कच्चा कागद तिलाच करायला दे. हे माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६. पहिल्या मंडळीत ग्रीक भाषा बोलणाऱ्यांची तक्रार होती की रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं. प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या बारा शिष्यांनी, तक्रार दाबली नाही आणि वाटप स्वतःकडेही घेतलं नाही. तुमच्यातून सात जण निवडा, म्हणाले. निवडलेल्या सातांची नावं बघ, स्तेफन, फिलिप्प आणि पुढची सगळी ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार, त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती वाटप गेलं. एकदा बारा जणींच्या सुट्ट्या एका कागदात बसवून बघितल्या की माणसाचा आवाज आपोआप खाली येतो. अंतिम सही तुझीच राहू दे.

दोन सीनियर सिस्टरांबद्दल. पहिल्यांदा तुझ्याच बाजूने तपास. शलमोनाचा मुलगा रहबाम गादीवर आला तेव्हा लोकांनी एवढंच मागितलं होतं की बापाने लादलेलं जू हलकं कर. त्याने तीन दिवस मागून घेतले. म्हाताऱ्यांनी सांगितलं, आज लोकांचा सेवक हो, ते कायमचे तुझे होतील. बरोबरीच्या मित्रांनी सांगितलं, दरडाव. त्याने दरडावलं आणि इस्राएलाच्या बारांपैकी दहा वंश कायमचे गेले. तो पोरसवदा होता असं समजू नको, ४१ वर्षांचा होता. नवी इनचार्ज पहिल्याच आठवड्यात "आता माझ्या पद्धतीने चालेल" म्हणाली असेल, तर सीनियर तोंड फिरवणारच. त्या दोघींकडून एक-एक गोष्ट शिकून घे. त्यांना येतं आणि तुला येत नाही असं काहीतरी नक्की असेल.

त्यानंतरही त्या काम टाळत असतील तर बोलायचं. कसं, ते मत्तय १८ मध्ये आहे: आधी एकट्याला गाठून, दोघांतच. ऐकलं नाही तर एक-दोन जण सोबत घेऊन. त्यानंतर मंडळीसमोर. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. आधी व्हॉट्सअॅप ग्रुपवर टोमणा, मग मेट्रनकडे तक्रार, आणि त्या बाईशी बोलणं शेवटी किंवा कधीच नाही. नर्सिंग स्टेशनवर नातेवाइकांसमोर बोलू नकोस. हँडओव्हरनंतर ट्रीटमेंट रूममध्ये दार लोटून घे आणि एकाच घटनेवर बोल. "तुम्ही नेहमी असंच करता" हे वाक्य नको. "काल नाइटला चार नंबरची शुगर दोनदा घ्यायची होती, एकदाच लिहिली आहे" हे पुरे. दोनदा बोलूनही फरक पडला नाही तर कागदावर घे आणि वर कळव, मनात अढी न ठेवता. आणि दोघींपैकी एक तरीही आली नाही तर तिच्याभोवती फिरत बसू नकोस. नहेम्याच्या ३ ऱ्या अध्यायात भिंत कोणी कुठे बांधली याची लांबलचक यादी आहे. सोनार आहेत, अत्तरवाले आहेत, शल्लूम नावाच्या अधिकाऱ्याच्या मुली आहेत. मध्येच एक ओळ येते: तकोवा गावच्या सरदारांनी कामाला खांदा दिला नाही. बस, एक ओळ. नहेम्या पुढच्या दरवाजाकडे वळतो. थोडं खाली बघितलं तर त्याच तकोवाचे साधे लोक आपला भाग संपवून आणखी एक भाग बांधताना दिसतात.

(नहेम्याचं सगळंच गिरवायचं नाही. १३ व्या अध्यायात तो काही लोकांना मारतो आणि त्यांचे केस उपटतो.)

विश्वास ठेवून गप्प राहू का, हा तुझा मूळ प्रश्न. नहेम्या राजा अर्तहशश्ताचा प्यालेबरदार होता. यरुशलेमेची भिंत पडल्याचं कळल्यावर त्याने काही महिने उपवास-प्रार्थना केली. मग राजाने एक दिवस विचारलं, तुला काय हवं? इथे शास्त्र म्हणतं, त्याने स्वर्गीच्या देवाची प्रार्थना केली आणि राजाला उत्तर दिलं. एका श्वासात दोन्ही. आणि मागितलं काय? प्रवासाची मुदत, वाटेतल्या सुभेदारांसाठी पत्रं, आणि राजाच्या वनाचा रक्षक आसाफ याच्या नावाने लाकडाची चिठ्ठी. तुमच्या भाषेत इंडेंट. यरुशलेमेत पोचल्यावर तीन दिवस थांबला, रात्री मोजकी माणसं घेऊन पडलेली भिंत स्वतः बघितली, कोणाला सांगितलं नाही, आणि मग सभेत बोलला. शत्रू चालून येणार असं कळलं तेव्हा प्रार्थनाही केली आणि रात्रंदिवस पहाराही बसवला. ५२ दिवसांत भिंत उभी राहिली.

तुमच्या वॉर्डात माणसं कमी आहेत हे पत्रावरून उघड आहे. मिसरचा राजा फारो याने इस्राएलांना विटांसाठी पेंढा देणं बंद केलं आणि विटा मात्र तितक्याच मागितल्या, ती निर्गम ५ मधली गोष्ट प्रत्येक नर्सला न वाचताही कळते. तिथे मोशेने लोकांना सोसा असं सांगितलं नाही, तो फारोसमोर उभा राहिला. पहिल्या फेरीत काम बिघडलंच, लोक उलट त्याच्यावरच चिडले, हेही तिथे लिहिलेलं आहे. तेव्हा एका भेटीत सिस्टर वाढतील अशी आशा नको. पण मॅनेजमेंटकडे जाताना तोंडी गाऱ्हाणं नेऊ नको. महिनाभराचा तक्ता ने: प्रत्येक शिफ्टला पेशंट किती, सिस्टर किती, डबल ड्यूटी किती जणींना लागली, कोणतं औषध किती उशिरा गेलं. रात्रीची पाहणी आधी, बोलणं नंतर.

तरुण संघाचं सेक्रेटरीपद सोड. हे ऐकायला तुला आवडणार नाही आणि पाळकसाहेब मला बोलतील, पण सध्या सोड. चर्चच्या कामाला नाही म्हणणं म्हणजे देवाला नाही म्हणणं, ही समजूत आपल्या मंडळ्यांत खोल रुजलेली आहे. त्यामुळे चार माणसंच सगळं ओढत राहतात आणि बाकीची पन्नास बाकांवर बसून राहतात.

राहिला नोकरी सोडण्याचा प्रश्न. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवून संदेष्टा एलीया रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि म्हणाला, आता पुरे, माझा प्राण घे. देवाने त्याला त्या वेळी उपदेश केला नाही. झोपू दिलं. दूताने उठवलं तेव्हा निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई ठेवलेली होती. खाऊन तो परत झोपला, परत उठवलं, परत जेवायला दिलं. त्यानंतर होरेब डोंगरापर्यंतची चाल, आणि तिथे कुठे बोलणं. तिथेही एलीयाचं पालुपद एकच होतं, मी एकटाच उरलो आहे. उत्तर मिळालं की बआल या परक्या देवतेपुढे गुडघे न टेकलेले ७,००० लोक आहेत, आणि अलीशाला तुझ्या जागी अभिषेक कर. मन मारून काम कर असं त्याला कोणी सांगितलं नाही, आणि राजीनामाही त्याच दिवशी मंजूर झाला नाही.

तुझं पत्र नाइट करून आल्यावर लिहिलेलं आहे, हे शेवटच्या परिच्छेदावरून कळतं. साठलेल्या सुट्ट्यांपैकी सलग चार घे, फोन दुसऱ्या सिस्टरकडे वळव, झोप, आईकडे जाऊन जेव. झोप लागत नसेल किंवा जगणं नको असे विचार येत असतील तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरकडेही जा, हे तुला पेशंटला सांगता येतं तसं स्वतःलाही सांग. त्यानंतर दोन महिने वर लिहिलेलं करून बघ. तक्ता देऊनही वरून काहीच हललं नाही आणि पेशंटच्या जिवाशी खेळ चालू आहे असं दिसलं, तर खुशाल सोड. विश्वास कमी पडला असं मानू नकोस.

सोडलंस किंवा न सोडलंस, तुझ्यामागे वॉर्ड सांभाळणारी आजपासून तयार करायला लाग. गणना २७ मध्ये मोशे आपल्यानंतरचा पुढारी यहोशवा याला सगळ्या मंडळीसमोर उभा करून त्याच्यावर हात ठेवतो, आपला काही अधिकार त्याला देतो, आणि तेही स्वतः जिवंत असताना. आपल्या गावातलं उदाहरण घे. स्कॉटलंडचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आले, शाळा काढली, इथल्या दगडांचा आणि गोंडांच्या बोलीचा अभ्यास केला, आणि १८६३ मध्ये टाकळघाटाहून परतताना पुराच्या पाण्यात बुडाले. त्यांच्या नावाचं कॉलेज सुरू झालं ते २० वर्षांनी, १८८३ साली, तेही दुसऱ्यांच्या हातून. तुझ्या वॉर्डात सध्या स्टॉक रजिस्टर कुठल्या कपाटात आहे, ऑक्सिजन संपत आला तर कोणाला फोन करायचा आणि सुट्टीच्या दिवशी ब्लड बँकेचा फॉर्म कोण भरतो, हे तुझ्याशिवाय आणखी कोणाला माहीत आहे? नसेल तर येत्या सोमवारी सकाळच्या हँडओव्हरला त्या नवीन मुलीला, जिला शीर सापडत नाही तिला, सोबत घेऊन फीर आणि हे सगळं दाखव. सात नंबरची सलाइनही तिलाच लावू दे. तू नुसती बाजूला उभी राहा.